रची शेपूट

वडगावात लाइट गेली की माग एकदम गप्प होतात
आणि ऐकू येतं, कोणाच्या घरात कोण खोकतंय.
तवनाप्पा पेंटरचं दुकान त्या गल्लीच्या तोंडाशी,
दोन कट्ट्यांमधली फट म्हणावी एवढं.
मराठी अक्षर तो खांद्यातून काढायचा,
कानडी मनगटातून.
गिऱ्हाईक विचारी, दोन्हीतलं बरं कुठलं येतं?
तो म्हणे, पैसे दोन्हीचे सारखेच येत्यात.

मी त्याच्याकडे डबे धुवायला होतो, सतरा वर्षांचा.
बोटं कायम रॉकेलनं सुरकुतलेली.

विणकर सोसायटीच्या चेअरमननं मला
गणपतीच्या मांडवामागं बोलावलं.
पन्नासाची नोट, आणि एकच शब्द.
ईराप्पा हिशेबनीसानं कुठल्याशा कागदावर
सही करायचं नाकारलं होतं, एवढंच मला माहीत.
खरं सांगायचं तर तेवढंही मी विचारलं नव्हतं.
रात्री त्याच्या दारावर, तांबड्या ऑइलपेंटनं,
मी लिहिलं: चोर.
घाईत नव्हतो. अक्षर चांगलं यावं असं वाटत होतं.

सकाळी गल्ली जमली.
तवनाप्पा मधी घुसला, कपाळावरचा चष्मा खाली ओढला,
शब्द वाचलाच नाही; अक्षरं बघितली.
मग माझ्याकडे न बघता म्हणाला,
हिरवा डबा घे, आणि दोन इंची ब्रश.

दुपारपर्यंत दाराला दोन हात दिले.
पैसे घेतले नाहीत.
ईराप्पा म्हणाला, इरली बिडरी,
आणि आम्हा दोघांना चहा दिला.
मी प्यालो.

तांबडा रंग कोणाकडचा, हे गल्लीला लगेच कळलं;
तसा डबा एकाच दुकानात.
शिवाय फुकट पुसून दिलं म्हणजे
मनाला खातंच असणार की.
सहा महिने त्याच्याकडे एक बोर्ड आला नाही.
खासबागेतले दुकानदार शहापूरहून पेंटर आणू लागले.
बस्तीच्या कमिटीतूनही त्याला हळूच वगळलं.
तो रिकामा बसून जुने ब्रश धुवायचा
आणि शनिवारी मला पगार द्यायचा, पुरा.

मी वाट बघत होतो, एकदा तरी मारेल.
एका सांजेला माझ्या हातचं 'किराणा' बघून
एवढंच बोलला:
रची शेपूट अजून वाकडी मारतोस बघ.
खाली येताना हात दचकतोय तुझा.

आता माझं फ्लेक्सचं दुकान आहे टिळकवाडीत,
मशीन रात्रंदिवस चालतं.
वीस वर्षं ब्रश धरलेला नाही.
परवा व्यापारी संघानं माझा सत्कार केला.
फ्लेक्स माझ्याच मशीनवर निघाला, अर्ध्या दरात:
'चारित्र्यसंपन्न उद्योजक',
आणि माझा फोटो, गाल गोरे केलेला.
अक्षरं ओळीत उभी.
मशीनची रची शेपूट दचकत नाही.

तवनाप्पाच्या मैतीला आम्ही अकरा जण होतो.
ईराप्पा होता.
चेअरमनचा हार आला होता, मोठा.

काल वडगावात गेलो. तेच दार.
इतक्या दिवाळ्या, दर दिवाळीला एक हात हिरवा,
तरी ऊन तिरपं झालं की
रंगाखालचा रंग वर येतो,
बोटाला लागेल एवढाच उंचवटा.
चो बुजलाय.
र दिसतो.

तेवढ्यात लाइट गेली. माग गप्प झाले.
माझी सावली फटीतून आत गेली असावी,
कारण आतून म्हाताऱ्या आवाजात कोणीतरी विचारलं,
यारु?
गावभर माहीत असलेलं माझं नाव
तोंडापर्यंत आलं
आणि पुरेना.